ऑक्टोबर हीटमध्ये दही बाजूला, पडवळ ताटात

पाऊस सरला की आश्विनातलं ऊन चांगलंच चटकतं. डोळे चुरचुरतात, तोंड येतं, जेवल्यावर छातीत जळजळतं आणि माणूस उगाच चिडचिड करतो. आयुर्वेदानुसार पावसाळ्यात साठलेलं पित्त शरद ऋतूत उसळतं. म्हणून या दिवसांत दही, तेलकट पदार्थ, तडस लागेपर्यंत जेवण आणि दुपारची झोप वर्ज्य सांगितली आहे. नवरात्रात साबुदाणा खिचडीवर दही हवंच, असं म्हणणाऱ्यांना हे जरा जड जाईल!

त्याऐवजी भात, मूग, आवळा, साजूक तूप आणि पडवळ घ्या. पडवळातल्या बिया काढून बारीक चिरा. तुपात जिऱ्याची फोडणी, एखादीच हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि पडवळ घालून झाकणावर पाणी ठेवा आणि वाफेवर शिजू द्या. वरून ओलं खोबरं.

रात्री लवकर जेवून थोडा वेळ गच्चीवर चांदण्यात बसा, मोबाइल घरातच ठेवून. चांदणं या ऋतूत घ्यायला सांगितलंय, पण रात्रीच्या पहिल्या प्रहरातच. उशिरापर्यंत दवात बसणं मात्र टाळा. जळजळ थांबतच नसेल तर घरगुती उपायांवर न विसंबता डॉक्टरांना दाखवा.