बूथ घेण्याआधी शांतता रेकॉर्ड करा

घरी व्हॉइसओव्हरसाठी बूथ, म्हणजे रेकॉर्डिंगची छोटी बंद खोली, घेताय? आधी बोलताना ठेवता तोच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते सेटिंग) ठेवून 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ऑडिओबुकसाठी एसीएक्सला (ऑडिबलच्या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मला) नॉइज फ्लोअर, म्हणजे कुणी बोलत नसताना रेकॉर्डिंगमध्ये उरणारा आवाज, उणे 60 डेसिबलच्या खाली लागतो. तेवढा मिळतोय, फक्त आवाज घुमतोय? मग बूथ नकोच. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट नि जाड गोधड्या पुरतात. रिक्षा, शेजारचा मिक्सर ऐकू येत असेल तर मात्र वजनदार, दुहेरी भिंतींचा बूथ बघा. नुसता फोम बाहेरचा आवाज अडवत नाही, विक्रेता काहीही सांगो. दाराच्या रबरी पट्टीत कागद अडकवून दार लावा. कागद सहज निघाला तर तिथूनच आवाज शिरणार. बूथचा पंखा चालू ठेवूनच चाचणी घ्या, मे महिन्यात तो बंद ठेवून बसवणार नाही.