शाळेच्या निधीसाठी लिलाव : या चुका टाळा

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला की प्रयोगशाळेच्या छपरासाठी किंवा मुलींच्या स्वच्छतागृहासाठी लिलाव करावा, ही सूचना हल्ली बहुतेक बैठकांत येते. गणेशोत्सवातली नारळाची बोली किंवा गोव्यातल्या देवळांतली पावणी, म्हणजे तिथला लिलाव, लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला लिलाव कसा चालतो हे समजावून सांगावे लागत नाही आणि म्हणूनच हे काम सोपे वाटते. मात्र देवापुढच्या नारळाला बोली लावणारा माणूस श्रद्धा घेऊनच आलेला असतो, तर शाळेच्या कार्यक्रमात लोकांचा तसा विश्वास आयोजकांना आधी मिळवावा लागतो. अशा काही लिलावांच्या तयारीत मी राहिलो आहे आणि त्यांत जे बिघडले, ते बहुतेक वेळा दोन महिने आधीच्या बैठकांत किंवा कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात बिघडले होते.

वस्तू जमवल्या, बोली लावणारे जमवलेच नाहीत

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. समितीतला प्रत्येक जण ओळखीच्या दुकानदाराकडून काहीतरी आणतो आणि पाहता पाहता भिंतीवरची घड्याळे, काचेच्या भांड्यांचे संच, मिक्सर आणि साड्या मिळून साठ वस्तू होतात. एका वस्तूला तीन-चार मिनिटे धरली, तरी विसाव्या वस्तूपर्यंत तास उलटून जातो आणि लोक जेवणाच्या रांगेकडे पाहू लागतात. शिवाय बाजारात मिळणाऱ्या वस्तूची किंमत सर्वांना ठाऊक असल्याने तिची बोली दुकानातल्या भावाच्या अलीकडेच थांबते.

बोली चढण्यासाठी एकच वस्तू मनापासून हवी असलेली किमान दोन माणसे समोर बसलेली असावी लागतात आणि ती वस्तू दुसरीकडे मिळणारी नसावी. हैदराबादजवळच्या बालापूर गणपतीच्या लाडवाचा लिलाव १९९४ मध्ये ४५० रुपयांवर सुटला होता आणि २०२४ मध्ये तोच मान ३० लाख १ हजार रुपयांना गेला, कारण तसा लाडू वर्षातून एकच असतो. शाळेकडेही अशा गोष्टी असतात, फक्त त्या शोधाव्या लागतात. निवृत्त कलाशिक्षकांनी काढलेले जुन्या इमारतीचे चित्र, पहिल्या तुकडीच्या छायाचित्राची चौकटीत बसवलेली प्रत, शेतकरी झालेल्या वर्गमित्राच्या रानात वीस जणांसाठी हुरड्याचा एक दिवस, कोकणातल्या विद्यार्थिनीच्या बागेतल्या हापूसच्या पहिल्या चार पेट्या किंवा वास्तुविशारद असलेल्या माजी विद्यार्थ्याने घराचा आराखडा काढून देण्याचे वचन, अशा गोष्टींवर मी हात वर होताना पाहिले आहेत. वचन असेल तेव्हा तारीख, माणसांची संख्या आणि मुदत लिहून घ्यावी, नाहीतर हुरड्याचा हंगाम उलटल्यावर नाराजी शाळेच्या माथी येते.

माझी पद्धत अशी आहे की यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती घेऊ शकतील अशा दोघांची नावे लिहायची आणि नावे सुचत नसतील, तर ती वस्तू मंचावर न्यायची नाही. मंचासाठी बारा ते पंधरा वस्तू पुरेशा होतात. उरलेल्या वस्तू टेबलांवर मांडून प्रत्येकीशेजारी कागद ठेवावा, त्यावर लोकांनी नाव आणि रक्कम लिहावी आणि ठरलेल्या वेळी कागद उचलावेत.

जे विकायचेच नाही

आपुलकीने दिलेली प्रत्येक वस्तू स्वीकारता येत नाही. जुन्या वाड्यातून आलेली सांबराची शिंगे किंवा हस्तिदंताची मूर्ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येते आणि तिचा लिलाव करणे हा गुन्हा ठरू शकतो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी आणि कोरीव वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांना पुरावशेषांचा १९७२ चाच वेगळा कायदा लागू होतो. त्यामुळे पोथी किंवा दिवा आला, तर तो देणाऱ्याला परत करून वस्तुसंग्रहालयाचा रस्ता दाखवणे बरे. शाळेचे जुने बाक आणि पितळी घंटा माजी विद्यार्थ्यांना फार प्रिय असतात, परंतु त्या वस्तूंची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या कायमस्वरूपी सामानाच्या वहीत असते आणि रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे मंजुरीने ती नोंद काढून टाकल्याशिवाय, मुख्याध्यापकांना त्या विकता येत नाहीत. लिलावाच्या जोडीला तिकिटे विकून लकी ड्रॉ काढण्याचा मोहही टाळावा, कारण त्याला लॉटरीविषयीचे कायदे लागतात.

मुलांच्या चित्रांबद्दल मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. एका मुलीच्या चित्राला दहा हजार मिळाले आणि शेजारच्या मुलाच्या चित्रासाठी कोणीच हात वर केला नाही, हे त्या मुलाने मंचाजवळ उभे राहून पाहिले, तर जमलेल्या निधीने ती जखम भरत नाही. संपूर्ण वर्गाने मिळून केलेले एकच मोठे चित्र किंवा गोधडी लिलावात ठेवावी आणि त्या वेळी मुलांना मंचावर उभे करू नये.

बोली फुगवणे

रक्कम अडली की समितीतल्या कोणीतरी मागच्या रांगेतून बोली वाढवायची, हा प्रकार चांगल्या हेतूने सर्रास होतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ याबाबत स्पष्ट आहे. विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा ठरते आणि खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. कायदा बाजूला ठेवला, तरी गावात ही गोष्ट लपत नाही आणि पुढच्या वर्षी हात वर होत नाहीत. वस्तू पडत्या भावात जाण्याची भीती असेल, तर किमान रक्कम ठरवावी आणि वस्तू पुकारण्याआधीच ती सांगावी.

परवानगी आणि पावत्या

माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत नसेल, तर लोकांकडून निधी घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खालची परवानगी पाहावी. गणेश मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी होय. पैसे नेहमी संस्थेच्या खात्यातच घ्यावेत. खजिनदाराच्या मोबाइल क्रमांकावर घेतलेली रक्कम कितीही प्रामाणिकपणे जमा केली, तरी शंकेला जागा राहते. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. ८० जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला आणि दोन हजारांवरील रोख देणगीला मिळत नाही आणि लिलावात पैठणी घेणाऱ्याने तर वस्तू विकत घेतलेली असते. म्हणून मंचावरून सरसकट करसवलतीचे आश्वासन देऊ नये आणि पावतीचा मजकूर लेखापरीक्षकांकडून आधी तपासून घ्यावा.

सध्याच्या पालकांना बोलवायचे असेल, तर प्रवेशाच्या महिन्यांत लिलाव ठेवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई केली आहे आणि तसा नुसता भासही शाळेला अडचणीत आणतो.

ऐन वेळी अडचण आली, तर

बोली एकाच रकमेवर थांबली, तर विनवण्या करण्याऐवजी वाढीचा टप्पा लहान करावा, म्हणजे हजाराऐवजी दोनशे रुपयांनी पुढे जावे, आणि तरीही कोणी बोलले नाही, तर तीन वेळा पुकारून वस्तू देऊन टाकावी. शेवटची बोली आपलीच होती असे दोघे म्हणू लागले, तर त्याच रकमेपासून त्या दोघांमध्ये बोली पुन्हा सुरू करावी. हा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवलेला असावा आणि बोली लिहून घेणारी दोन माणसे पुकारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेली असावीत.

लिलाव सुटल्याचे जाहीर होईपर्यंत कोणालाही बोली मागे घेता येते, त्यामुळे त्याआधी कोणी माघार घेतली तर वाद घालू नये. खरा त्रास वसुलीचा असतो. एका मेळाव्यात टाळ्यांच्या गजरात जाहीर झालेल्या रकमांपैकी काही आम्हाला दिवाळीनंतरही मिळाल्या नव्हत्या, कारण पैसे नंतर पाठवा असे आम्हीच म्हटले होते. तेव्हापासून दाराजवळ टेबल, पावतीपुस्तक आणि संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड ठेवला जातो आणि वस्तू पैसे भरल्यावरच हातात दिली जाते.

मोठी बोली लावू न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न समितीने विसरू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडानेही जगवले. दाराजवळच्या त्याच टेबलावर शंभर रुपयांपासूनची देणगी घेण्याची सोय असावी आणि तिची पावतीही तितक्याच आदराने फाडली जावी.

पंधरा दिवसांच्या आत शाळेच्या फलकावर हिशेब लावावा. त्यात प्रत्येक वस्तू, तिची रक्कम, मांडव, ध्वनिक्षेपक आणि जेवणाचा खर्च, हाती उरलेली शिल्लक आणि अद्याप येणे असलेली रक्कम लिहावी. ज्याचे येणे बाकी आहे त्याचे नाव मात्र फलकावर लिहू नये. त्याच्या घरी समितीतल्या दोघांनी स्वतः जावे.