जुना ‘केसरी’ वाचायला बसताना

जुन्या ‘केसरी’ची फाईल समोर आली की लोक थेट अग्रलेखावर झडप घालतात. माझं ऐका, आधी छापणाऱ्याचं नाव शोधा. तळाशी बारीक टायपात असतं. 1867 च्या कायद्यानं ते छापणं सक्तीचं होतं, कारण संपादकाची लेखणी जरा तिखट झाली की पोलीस छापखान्याच्या दारातही उभे. 1897 साली टिळकांबरोबर आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ आरोपी होते. बाळ सुटले, टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी झाली.

मग एका कागदावर तारखा मांडा. ‘केसरी’ मंगळवारी निघायचा. 15 जून 1897 चा अंक. 22 जूनच्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी. 6 जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’, 27 जुलैला अटक. नववीच्या वर्गात मी कित्येक वर्षं ठासून सांगत होते, की ‘डोके ठिकाणावर’ लिहिलं म्हणून टिळक तुरुंगात गेले. एका मुलीनं हात वर केला, “बाई, पण खटला तर जूनच्या अंकावर आहे ना?” होता! 15 जूनच्या अंकातली ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त, यांवर. त्या कवितेखाली कवीचं नाव नाही, ‘भवानी तरवारीची निशाणी’ एवढंच. तेव्हापासून मी मजकुराआधी सही बघते.

वाचायचं ते मोठ्यानं. ‘नाहीं’, ‘कां’, ‘डोकें’ यांवरचे अनुस्वार बघून बिचकू नका, दोन परिच्छेदांत जीभ सरावते. शिवाय हा ऐकायचा कागद होता. एकानं वाचायचा, ओटीवरच्या दहांनी ऐकायचा. त्या मथळ्यातला ‘काय’ म्हणून बघा. डोकं ठिकाणावर नाही, असं टिळक म्हणतच नाहीत, नुसतं विचारतात. उत्तर ओटीवरच्यांनी द्यायचं.

अशी कसरत का, ते कळायला राजद्रोहाचं 124-अ कलम माहीत हवं. 1897 च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अर्थ सांगितला, की सरकारविषयी प्रीती नसणं हीच अप्रीती. म्हणजे प्रेम नाही एवढ्यावरही माणूस आत!

म्हणून सौम्य वाटणारी वाक्यं गाळू नका. विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. 12 मे 1908 चा ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख काढा. मुझफ्फरपूरच्या बाँबनं दोन इंग्रज स्त्रिया मेल्या होत्या. लेखात त्याबद्दल खेद आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही. पण पुढे पुढे दोषाचा काटा सरकारच्या हट्टाकडे सरकत जातो. तो कुठल्या वाक्यापाशी हलला, तिथे पेन्सिलीनं खूण करा. (झेरॉक्सवर हो! मूळ अंकाला पेन्सिल लावलीत तर तुमची-माझी ओळख नाही.)

या लेखावरही टिळकांवर खटला झाला. जमलं तर त्या खटल्यातलं इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवा. त्यावरच निकाल लागायचा, म्हणून 1908 साली स्वतःच्या बचावात एकवीस तासांहून जास्त बोलताना टिळक भाषांतरातल्या शब्दाशब्दावर भांडले. ज्यूरी सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, ती मंडालेत काढली. मी मुलांना एकच परिच्छेद देते आणि आधी स्वतः इंग्रजी करायला लावते. पहिल्या ओळीलाच भांडणं सुरू होतात.

शि. म. परांजप्यांच्या ‘काळ’ साप्ताहिकाला मात्र ही रीत पुरत नाही. तिथे सरकारची स्तुती दिसली की सावध व्हा, तो माणूस वक्रोक्तीतच बोलतो. सुरुवात निवडक निबंधांपासून करा. त्या निबंधांवरची सरकारी बंदी 1937 साली उठली. त्याआधीची प्रत कुणाच्या माळ्यावर सापडलीच, तर वाचायच्या आधी वाळवी बघा.