इंडोनेशियात इंग्रजीवर संशोधन करायचंय? आधी पोरं घरी काय बोलतात ते विचारा

इंग्रजी अध्यापन, भाषांतर किंवा भाषाशास्त्रात काही करायला इंडोनेशियाला जावं का, असं विचारणारे मेसेज मला अधूनमधून येतात. विचारणारे बहुतेक एमए झालेले, नेट-सेटच्या फेऱ्यांत दमलेले. प्रत्येकाला तेच ते टाइप करून मीही दमले, म्हणून इथे एकदाच लिहिते. मी पूर्व जावातल्या मलांगला मास्टर्स केलं. विषय होता सातवी-आठवीच्या मुलांचे इंग्रजी उच्चार. सध्या पीएचडी चालू आहे आणि ती सोडून द्यावी असा विचार अजूनही वरचेवर येतो. तेव्हा हे कुठल्या यशस्वी उमेदवाराचं मार्गदर्शन समजू नका.

प्रवेशाचं लवकर उरकते, कारण ते शोधलं तर सापडतं. दार्मासिस्वा या इंडोनेशियन सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेवर आधी भाषा शिकून यावं आणि मग मास्टर्सला अर्ज करावा, असं माझं मत. विभाग निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘पेंडिडिकान बहासा इंग्रिस’ म्हणजे इंग्रजीचे शिक्षक घडवणारा विभाग आणि ‘सास्त्रा इंग्रिस’ म्हणजे साहित्य-भाषाशास्त्राचा. नावं जवळची, पण संसार वेगळे. अध्यापनावर काम करायचं असेल तर मलांग, योग्याकार्ता आणि बांडुंगची जुनी शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयं बघा. १९९९ साली त्यांची विद्यापीठं झाली, पण मूळची माती शिक्षकी पेशाचीच आहे. आणि हो, तिथे ‘तेसिस’ म्हणजे मास्टर्सचा प्रबंध. पदवीचा तो ‘स्क्रिप्सी’ आणि पीएचडीचा ‘डिसेर्तासी’. ग्रंथालयात शोधताना हे माहीत नसेल तर बीएच्या पोरांचे प्रबंध वाचण्यात महिने जातात.

आता मुख्य मुद्दा. बाकीचं नुसतं नजरेखालून घाला, पण हे सावकाश वाचा.

इंडोनेशियन विद्यार्थ्यांची मातृभाषा इंडोनेशियन आहे असं गृहीत धरू नका.

‘यात सांगण्यासारखं काय आहे?’ असं तुम्ही म्हणाल. देशात सातशेहून जास्त भाषा आहेत, हे वाक्य माझ्याच प्रस्तावाच्या पहिल्या पानावर होतं. १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत सर्वांत मोठ्या समाजाची जावानीज बाजूला ठेवून मलायवर उभी असलेली भाषा राष्ट्राची म्हणून स्वीकारली, हेही मी लिहिलं होतं. आणि तरी माहितीच्या तक्त्यात, मातृभाषेच्या रकान्यात, सगळ्या मुलांपुढे एकच शब्द: इंडोनेशियन. एक्सेलमध्ये वरून खाली ओढला की भरतो.

मार्गदर्शक बाईंना (तिथे ‘बू’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं मॅडम) मी एका मुलाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. साधा उतारा होता, आगगाडीने बांडुंगला जाण्याचा. मुलाने ‘बांडुंग’ न म्हणता ‘म्बांडुंग’ म्हटलं, ब च्या आधी ओठ मिटून किंचित म. बूंनी हेडफोन काढला.

“हा घरी काय बोलतो?”

“इंडोनेशियन.”

“कोण म्हणालं?”

कोणीच म्हणालं नव्हतं. गावाच्या नावाआधी असा अनुनासिक लावणं ही जावानीज बोलणाऱ्याची अगदी ठळक खूण. सोबतीला जड, घुमणारे ब-ड-ग असतात. या सगळ्या ढंगाला तिथे ‘मेडोक’ म्हणतात आणि त्यावर विनोदी कार्यक्रम चालतात. मी मात्र त्याला ‘इंडोनेशियन भाषेचा प्रभाव’ असं नाव देऊन एक उपप्रकरण लिहून मोकळी झाले होते.

यात पाणी कुठे मुरतं तेही सांगते. काळाच्या चुका अभ्यासत असाल तर हा घोटाळा उघडच होत नाही. इंडोनेशियनमध्ये क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, तसं ते जावानीजमध्येही बदलत नाही आणि मदुरीजमध्येही (जावाशेजारच्या मदुरा बेटाची भाषा) नाही. त्यामुळे ‘मुलं भूतकाळाचा प्रत्यय गाळतात, कारण इंडोनेशियन’ हे वाक्य खपून जातं. शेकडो लेखांत खपलं आहे. उच्चारांवर आलात की पितळ उघडं पडतं. मलांगच्या एकाच वर्गात जावानीज मुलं असतात आणि मदुरीजही. बांडुंगकडे सुंदानीज मुलांच्या तोंडी एफचा पी होतो, हा तिथला जुना विनोद. सुमात्रातल्या बाटाक माणसाचा ए दणदणीत, तर बाली माणसाचा त आपल्या ट कडे झुकलेला. या सगळ्यांची मिळून ‘इंडोनेशियन विद्यार्थ्यांची चूक’ अशी एक मोळी बांधली तर हाती काय लागणार?

२०१० च्या जनगणनेत घरी रोज इंडोनेशियन बोलणारे साधारण एक पंचमांश होते. शहरात हे प्रमाण वाढतंय, पण म्हणून तुमच्या वर्गातलं पोर कुठल्या बाजूचं हे आकडा सांगणार नाही. धुळ्याच्या शाळेत दाखल्यावर ‘मातृभाषा : मराठी’ लिहिलेलं पोर घरी अहिराणी बोलतं, हे आपल्याला ठाऊक असतं. परदेशात गेलं की ही अक्कल कुठे जाते कोण जाणे.

बरं, मग विचारायचं कसं? इथे दुसरी ठेच आहे. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ असं वर्गात विचारलंत की एका सुरात उत्तर येतं, “इंडोनेशिया, मिस!” पोरं खोटं बोलत नाहीत. शाळा, परदेशी बाई आणि छापील फॉर्म समोर असताना शोभणारं उत्तर ती देतात. मधल्या सुट्टीत मी तळलेल्या टोफूच्या गाडीशी उभी राहिले, तेव्हा तीच पोरं जावानीजमध्ये भांडत होती. मलांगची पोरं त्यातही शब्द उलटे करून बोलतात. गावाचं नावसुद्धा उलटून ‘ङालाम’ करतात. फॉर्मवर या बोलीला कोण कुठे लिहिणार?

म्हणून माणसागणिक विचारा. आजीशी काय बोलतोस? आईशी? धाकट्या भावाशी? मित्राशी? राग आल्यावर? शाळेत जाण्यापूर्वी घरात काय ऐकलंस? जावात हे फार उपयोगी पडतं, कारण जावानीजमध्ये थोरांशी बोलायची ‘क्रोमो’ आणि बरोबरीच्यांची ‘ङोको’ अशा पातळ्या आहेत. कित्येक मुलं भावाशी ङोको बोलतात, पण आजीशी क्रोमो चुकेल या धास्तीने थेट इंडोनेशियनमध्ये शिरतात. आईबापही त्याच धास्तीने लहानपणापासून इंडोनेशियन बोलतात. म्हणजे एकाच घरात तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी. मदरशातल्या मुलांची अरबी वेगळीच. कुराणपठणासाठी ती अरबी वर्ण घासून घासून बसवतात. त्यांच्या इंग्रजी ‘थ’वर त्याचा काही परिणाम होतो का, हे तपासण्यासारखं आहे. विषय शोधत असाल तर खुशाल घ्या. या मुलांसाठी इंग्रजी ही ‘दुसरी भाषा’ नसून तिसरी किंवा चौथी आहे, एवढं तरी प्रबंधात नीट लिहा.

यात मराठी माणसाची बाजू चक्क वरचढ आहे. जावानीजमध्ये दंत्य आणि मूर्धन्य असा भेद आहे: ‘वदी’ म्हणजे घाबरणं आणि ‘वडी’ म्हणजे वाळू. मदुरीजमध्ये त्याच्या जोडीला महाप्राणही. युरोपातून आलेले संशोधक हे ऐकायला कान तयार करतात, आपल्याला ते बालवाडीत मिळालेलं असतं. मुलाखतींच्या भाषांतरातही तसंच. इंडोनेशियन शिक्षिका ‘किता’ म्हणते तेव्हा तुम्हाला धरून ‘आपण’, आणि ‘कामी’ म्हणते तेव्हा तुम्हाला वगळून ‘आम्ही’. इंग्रजी प्रतिलेखात दोन्हींचा एकच शब्द होतो आणि ती तुम्हाला आत घेतेय की दाराबाहेर ठेवतेय, हे पुसलं जातं. म्हणून मूळ वाक्य परिशिष्टात ठेवाच.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. हे सगळं दुरुस्त होतं. भाषिक पार्श्वभूमीची प्रश्नावली आधीच घेतली तर एका तासिकेचं काम आहे. नंतर घ्यायला गेलात तर मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात, काही शाळा बदलतात आणि तुम्ही सायकलवर पत्ते शोधत हिंडता. एवढाच काय तो फरक.

आता विषय निवडीबद्दल. ‘अमुक तंत्राचा तमुक शाळेतील आठवीच्या विद्यार्थ्यांच्या वाचन आकलनावरील परिणाम’ या साच्याचे प्रबंध तिथे कपाटंच्या कपाटं भरून आहेत. भाषांतरवाल्यांचा साचा वेगळा: चित्रपटाची सबटायटल्स घ्यायची, मोलिना आणि आल्बिर यांनी २००२ मध्ये मांडलेली १८ तंत्रं लावायची, कुठलं किती वेळा आलं ते मोजायचं. टक्केवारी काढली की झाला प्रबंध. पास व्हाल, पण ‘मग काय?’ या प्रश्नाला उत्तर नसेल. तसंच केदिरीजवळच्या पारे गावचं. तिथलं ‘काम्पुंग इंग्रिस’, म्हणजे इंग्रजी शिकवण्यांचं गाव, १९७७ साली एका छोट्या क्लासपासून सुरू झालं. गल्लीगल्लीत क्लास, भाड्याच्या सायकली आणि इंग्रजीशिवाय बोलायचं नाही अशी वसतिगृहं. जाऊन जरूर या, मजा येते. पण नमुना तिथून उचलू नका. इंग्रजीसाठी पैसे भरून, घर सोडून आलेल्या मुलांवरून गावातल्या सरकारी शाळेबद्दल काय सांगणार? सरकारी शाळेची सातवी तर अजबच असते. २०१३ च्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीला ठरलेली जागा उरली नाही. त्यामुळे एका बाकावर क्लास लावलेली मुलगी असते आणि तिच्या शेजारी इंग्रजीशी ज्याची पहिलीच गाठ आहे असा मुलगा.

शॉर्टकट मुबलक आहेत. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्याला तिथे ‘जोकी’ म्हणतात आणि त्यांच्या जाहिराती बिनदिक्कत चालतात. याबद्दल मला काही समतोल वगैरे बोलायचं नाही. जोकी लावायचा असेल तर घरीच राहा, विमानाचं भाडं तरी वाचेल. छापण्याच्या बाबतीतही जपा. सरकारच्या सिंता यादीत मान्यताप्राप्त नियतकालिकांची १ ते ६ अशी प्रतवारी असते. त्यातल्या खालच्या पायरीवर छापून येण्यात कमीपणा नाही. पण पैसे भरा आणि आठवड्यात छापू म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. अशांना तिथली मुलं ‘आबाल-आबाल’ म्हणतात, म्हणजे बोगस.

मार्गदर्शक नामांकित असण्यापेक्षा उपलब्ध असलेला बरा, हे माझं ठाम मत. मोठ्या नावाच्या प्राध्यापकांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून मी बरीच जावानीज शिकले, पण प्रबंध पुढे सरकला नाही. तो सरकवला मघाच्या बूंनी, कारण त्या रेकॉर्डिंग ऐकायच्या. मेसेज पाठवताना आधी नमस्कार, मग त्रास दिल्याबद्दल क्षमा, मग आपण कोण, मग काम, शेवटी आभार. आपल्याला हे लांबण वाटतं, पण तिथे हा क्रम चुकला तर उत्तर येत नाही आणि का आलं नाही हेही कोणी सांगत नाही. जावात तोंडावर ‘नाही’ क्वचितच म्हणतात. हाच संकोच तुमच्या प्रश्नावलीतही शिरतो. पाच पर्याय दिलेत की पाहुणीचं मन मोडू नये म्हणून सगळे ‘सहमत’वर खूण करतात. निष्कर्ष झकास येतो, फक्त तो खोटा असतो. वर्गात बसून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

परवानगीचं शेवटी. बाहेरच्या विद्यापीठातून संशोधनाला येत असाल तर ब्रिन या राष्ट्रीय संस्थेचा परवाना लागतो. २०१९ च्या कायद्याने हे कडक केलंय, तेव्हा पर्यटक व्हिसावर वर्गात रेकॉर्डर घेऊन बसायचं मनातही आणू नका. तिथलेच विद्यार्थी असाल तर विभागाचं पत्र घेऊन आधी स्थानिक कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, मग शाळेच्या. सरकारी शाळा शिक्षण खात्याकडे आणि मदरसे धर्म मंत्रालयाकडे, त्यामुळे एका खात्याचं पत्र दुसरीकडे चालत नाही. शाळा मात्र मनाने उदार असतात. मुख्याध्यापक चहा पाजतात, शिक्षक आपली तासिका देऊ करतात. त्यांत बरेच ‘होनोरेर’, म्हणजे तुटपुंज्या मानधनावर राबणारे. त्यांची तासिका घेतलीत तर बदल्यात एखादा पाठ तयार करून द्या, उत्तरपत्रिका तपासून द्या.

शाळेचं वर्ष जुलैत सुरू होतं. रमजानमध्ये तासिका आखडतात आणि लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सुट्टीत शाळा ओस. ते धरून आखणी करा. आणि संशोधन पूर्ण झाल्याचं शाळेचं पत्र, गोल शिक्क्यासकट, शेवटच्या दिवशीच हातात घ्या. प्रबंधाला ते जोडावं लागतं. नंतर पोस्टाने पाठवतो असं शाळा प्रेमाने सांगेल, तरी तुम्ही ऑफिसात बसून राहा.