ब्रुअरीतलं पहिलं वर्ष

बिअर बनवायला शिकायचं म्हणून मी ब्रुअरीत लागलो आणि पहिले दोन महिने नुसत्या टाक्या धुतल्या. कॉस्टिकचं गरम पाणी फिरवायचं, खळाळून काढायचं, मग ॲसिड, पुन्हा पाणी, आणि टाकी भरायच्या आधी सॅनिटायझर. फार चिडचीड व्हायची. आता नवीन पोरगं आलं की मीही त्याला आधी हातमोजे आणि चष्माच देतो. थंड केलेला वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, जंतूंना आयतं ताट असतो. आपल्या यीस्टच्या आधी दुसरंच कुणी पंगतीला बसलं, तर त्या बॅचचं काही खरं नाही.

मूळ साहित्य चारच: पाणी, माल्ट, हॉप्स (एका वेलीची कडवट, सुवासिक फुलं), यीस्ट. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध नियमात तर तीनच आहेत, यीस्टचं नावच नाही! माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं जव. ते दळण्यातच मी पहिली मोठी माती खाल्ली. जितकं बारीक दळू तितकी साखर जास्त सुटेल, असा माझा हिशोब. दाणा फुटायला हवा, पण टरफल शाबूत राहायला हवं, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं, हे कुणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. गाळायची वेळ आली तेव्हा नळातून धार नाही, थेंब. वर चिखलासारखा लगदा, आणि आम्ही तिघं वल्ह्यासारख्या लाकडी पट्टीनं तो सैल करत बसलेलो. दीड तासाचं काम रात्री नऊला संपलं. हेड ब्रुअर एवढंच म्हणाले, "मूठभर दळण हातावर घेऊन बघितलं होतंस का?" तेव्हापासून बघतो.

मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात, हे दळण तासभर साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसला भिजतं आणि स्टार्चची साखर होते. तापमान थोडं खाली ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. सत्तरीकडे नेलं तर भरीव, गोडसर. चोथा धुवायचं पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नका, टरफलांचा तुरटपणा उतरतो.

उकळणं तासभराचं. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले सुगंध. झाकण घट्ट लावायचं नाही. नाहीतर वाफेबरोबर जायला हवा तो उकडलेल्या मक्यासारखा वास आतच राहतो.

पुढचं काम यीस्टचं, आणि नवखा माणूस चुकतो तो इथं, घाईनं. एलसाठी, म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरसाठी, वॉर्ट पटकन २० अंशांच्या आसपास आणायचा, यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं नसतं. १.०५० पासून निघालेली ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, जी साखर संपते तशी उतरते, १.०१० च्या जवळ येऊन सलग तीन दिवस हलली नाही, तर खरं. तरीही लगेच थंड करू नका. झाकलेल्या ग्लासात नमुना घ्या, ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्या. तो वास देणारं डायअसिटिल नावाचं रसायन यीस्टच परत पचवतं. आणि हो, रिकाम्या केलेल्या टाकीत कधीही डोकं घालू नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो दिसत नाही, आणि माणसं त्यानं मरतात.

बिअर तयार झाल्यावर शत्रू बदलतो. वॉर्टमध्ये यीस्ट सोडताना आपणच ऑक्सिजन देतो. आता तोच शिरला तर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून केग (बिअरची धातूची पिंपं) आणि बाटल्या भरण्याआधी त्यांत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढतात. साठवण थंड आणि अंधारात. भरपूर हॉप्सवाली बिअर तर ताजीच संपवावी, ठेवून ती काही सुधारत नाही.

उजेडाचं मात्र सांगून कुणाला पटत नाही. म्हणून नव्या लोकांसाठी मी एकाच बॅचच्या दोन पारदर्शक बाटल्या ठेवतो, एक फ्रीजमध्ये, दुसरी खिडकीत उन्हात. दुपारी दोन्ही उघडतो. खिडकीतली नाकाशी नेली की मान आपोआप मागे जाते.