डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर एका दिवसात जाऊन यायचं असेल तर

बेत परतीपासून आखा. अंधार पडायच्या दोन तास आधी परत गाडीरस्त्यावर पोचायचं, असं धरून उलटं मोजत या. सपाटीवर ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा जुना हिशेब धडधाकट माणसाचा, तोही न थांबता चालणाऱ्याचा. त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवा. बरेच झरे दरीच्या तळाशी असतात. म्हणजे जाताना उतार आणि अंग सैल पडल्यावर चढ. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊच नका. नदीकाठची कुंडं पाण्याखाली जातात, ओढे ओलांडता येत नाहीत.

पोचल्या पोचल्या पाण्यात उडी नको. आधी तापमान बघा. तापाचा थर्मामीटर इथे निकामी, तो बेचाळीसच्या आसपास संपतो. स्वयंपाकातला, १०० अंशांपर्यंतचा घ्या. वर मोजा आणि तळाशीही मोजा. एरवी गरम पाणी वर राहतं, पण झरा वाळूतूनच फुटत असेल तर पृष्ठभाग सोसवतो आणि तळवे पोळतात. ३८ ते ४० अंश ठीक. त्याहून जास्त असेल तर उगमापासून खाली, थंड ओढा मिसळतो तिथे सरका. ‘हळूहळू सवय होईल’ हा हट्ट नको. ६० अंशांना काही सेकंदांत कातडी भाजते. उगमाजवळच्या पांढुरक्या खपलीवर पाय देऊ नका, खाली पोकळ असू शकतं.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे वारा नसताना खोलगट जागी साचतो. तीव्र असला तर नाकच बधिर होतं, म्हणून वास थांबला की निर्धास्त होऊ नका, तिथून उठा. (चांदीचे दागिने आधीच काढा, काळे पडतात.)

डोकं बुडवू नका. कोमट गोड्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जिवावर बेततं. साबण, शाम्पू घरीच ठेवा. गरोदर बायका आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. दारू पिऊन तर कुणीच नाही.

दहा-पंधरा मिनिटं पुरे. उठताना आधी काठावर बसा: गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, झटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरून घेरी येते, आणि खाली शेवाळलेला दगड असतो. पाणी प्या, कोरडे मोजे चढवा, अर्धा तास थांबा, मगच चढाला लागा.