इंडोनेशियातल्या खेड्यात जमीन घेताना
'जमीन गावातल्या ओळखीच्याच्या नावावर घेऊ, आपसात करार करू' असं कोणी सुचवलं, तर तिथेच थांबा. १९६० च्या जमीन कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी माणसासाठी केलेला असा व्यवहार रद्द ठरतो. जमीन सरकारजमा होते, दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. नोटरीचा शिक्का असला तरी!

त्यापेक्षा भाडेपट्टा बरा. मात्र मूळ 'सर्टिफिकाट' म्हणजे जमिनीच्या हक्काचा सरकारी दाखला बघितल्याशिवाय इसार देऊ नका. 'गिरिक' किंवा 'लेटर सी' म्हणजे जुन्या कराची नोंद, सातबाऱ्याइतकाही आधार त्याला नाही. मालकाचं नाव आणि बोजा भूमी कार्यालयात तपासून घ्या. लग्नानंतर घेतलेली जमीन असेल तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या हव्यात. भातखाचर असेल तर ते संरक्षित शेतीक्षेत्रात येतं का, तेही विचारा. तिथे घर बांधता येत नाही.